वजा दोन बोटं

हेझलबर्नमध्ये त्या बुधवारी पाऊस पडला नाही, आणि पूर आला.

आता ही गोष्ट कुणाही शहाण्या माणसाला खटकावी अशी आहे. गावाला ती फार वेळ खटकली नाही, कारण गावाला दोषी माणूस लगेच सापडला, आणि दोषी सापडला की पुढचं कोडं सोडवायची कुणाला घाई नसते. खटकली ती एकट्या हिल्डा मिलबर्नला. हिल्डाचं चॅपलसमोर लोकरीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या परसात, गवतात रोवलेलं, तांब्याचं पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी नऊला ती त्यातली बाटली काढायची, पाणी मापाच्या नळीत ओतायची आणि आकडा पाणीखात्याला कळवायची. नऊ म्हणजे हिवाळ्याच्या घड्याळाचे नऊ. उन्हाळ्यात सरकार सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलतं, पण पावसाला ते कुणी कळवलेलं नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे उन्हाळाभर तिच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं दोन वेळा दाखवायची, आणि पाहुणे नेमकं चुकीचं पाहून तासभर जास्त बसायचे.

त्या आठवड्यात उकाडा असह्य होता. रोज दुपारी वर व्हिनीच्या माळावर गडगडायचं, काळं व्हायचं आणि काही न होता निवायचं. बुधवारीही तसंच झालं. गावात चार टपोरे थेंब पडले, बायकांनी दोरीवरचे कपडे आत घेतले आणि पुन्हा बाहेर टाकले. मग चहाच्या वेळेला ओढ्याकडून मालगाडी यावी तसा आवाज आला आणि गढूळ पाण्याचा लोंढा पुलाचे कठडे घेऊन खाली गेला. माणूस कुणी दगावलं नाही. दोन कोंबड्या गेल्या, एका संडासाचं दार गेलं, आणि ओढ्याकाठच्या भाजीच्या वाफ्यांवर कमरेइतका गाळ बसला.

खरं दुःख त्या वाफ्यांचं होतं. तिथे लीक होत्या. लीक म्हणजे कांद्याची गोरी, मानी चुलत बहीण. पण कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या हेझलबर्नच्या पुरुषांसाठी ती त्याहून पुष्कळ काही होती. सप्टेंबरातल्या प्रदर्शनात सगळ्यांत जाड लीक कुणाची यावर वर्षभराची इज्जत ठरायची. वाफ्याला काय पाजतो हे माणूस बायकोला सांगायचा नाही. आणि प्रदर्शन तीन आठवड्यांवर असताना सगळ्यांच्या लीक एका संध्याकाळी चिखलात गेल्या. सगळ्यांच्या म्हणजे टॉट रिडलीच्या सोडून सगळ्यांच्या.

टॉट हा हिल्डाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एस्थर जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. गावाच्या वर ओढा अडवून केलेलं मासेमारी क्लबचं तळं होतं, त्याच्या झडपेची राखण टॉटकडे होती, आणि त्या कामाबरोबर मिळालेल्या झडपघरात तो राहत होता. त्याचा वाफा तिथेच, बांधाच्या कडेला, उंचावर. तो कोरडा राहिला. शिवाय गेली कित्येक वर्षं टॉटचा दुसरा नंबर ठरलेला होता. पहिला कडी हेडलीचा.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पाऊस नाही, तरी पाणी आलं, म्हणजे ते तळ्यातूनच आलं. तळ्यातून आलं म्हणजे टॉटने झडप उघडली. आणि का उघडली हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता. टॉट म्हणाला, मी झडपेला हात लावला नाही, पाणी बांधावरून गेलं, बांधावरचं गवत आडवं झालंय ते येऊन बघा. लोक म्हणाले, गवत पायानेही आडवं होतं. गावातल्या पुरुषांच्या क्लबच्या पायऱ्यांवर उभं राहून कडी हेडलीने शेवटचा खिळा ठोकला. कडी मासेमारी क्लबचाही अध्यक्ष आणि लीक क्लबचाही. माणसं तीच, फक्त टोप्या वेगळ्या. तो म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण हिल्डाने मोजलेला पाऊस इंचाचा विसावा भाग आहे. आणि हिल्डाची बाटली खोटं बोलत नाही."

रविवारी चॅपल सुटल्यावर सभा ठरली. टॉटकडून झडपेच्या आणि घराच्या किल्ल्या काढून घ्यायच्या.

गुरुवारी टॉट दुकानात आला. त्याला लोकर नको होती. तो बटणांच्या बरण्यांकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "तुलाही तसंच वाटतं का, हिल्डा?"

इथे दुसरी कुणीही असती तर पटकन नाही म्हणाली असती, आणि तेच माणुसकीला धरून झालं असतं. पण हिल्डाला कुठलीही गोष्ट 'असेल' किंवा 'नसेल' म्हणून सोडता येत नसे. ती विचार करून म्हणाली, "मला अजून माहीत नाही, टॉट."

टॉटने मान हलवली आणि दाराची घंटाही न वाजवता निघून गेला. दार हळू उघडलं की ती वाजत नाही. हिल्डाला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण खोटं बोलले असते तर बरं, असं मात्र वाटलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि या खेपेला ते शब्दशः मुरत होतं. कुठे, एवढंच तिला हवं होतं.

तिने पाणीखात्यात फोन लावला. तिथले पॉटिंजर नावाचे गृहस्थ दर महिन्याला तिचे आकडे घेत, पण दोघं कधी पाऊस सोडून बोलले नव्हते. त्यांना सर्दी झाली होती. नाक ओढत त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यातला ढग अरुंद असतो. एका शेताचं तळं करील आणि शेजारच्या शेतात धूळ ठेवील. तुमच्या वरच्या अंगाला दहा मैलांत आमचं एकही मापक नाही, बाई. तिथे काय झालं ते फक्त बादल्यांना माहीत. हिल्डाला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण पाणीखात्यातली माणसं चेष्टा करत नाहीत. मापक नसेल तिथे, ते म्हणाले, बाहेर उघड्यावर राहिलेली भांडी शोधायची. भांडं उभ्या सरळ कडांचं हवं, पावसाआधी रिकामं हवं, आणि नंतर कुणी हलवलेलं नको. मग पट्टी घालून खोली बघायची. तोच पाऊस.

शुक्रवारी हिल्डाने दुकानावर 'बंद' अशी पाटी लावली, पिशवीत लाकडी पट्टी टाकली आणि ओढ्याच्या कडेने वर निघाली. पाटी बघून गावाला वाटलं, कुणीतरी गेलं.

तुम्हाला वाटेल, बादली शोधणं सोपं. सोपं असतं, तर ती बाई संध्याकाळी एवढी चिखलाने माखून आली नसती. पहिल्या घरी बादली होती, पण ती धुऊन पालथी घातलेली. दुसरीकडे बाईंनी हिल्डाला फाटकातून येताना पाहिलं, आणि पाहुणी येतेय म्हणून अंगणातली घमेली तिच्या डोळ्यांदेखत ओतून टाकली. आमच्याकडच्या बायका पाहुण्याला तुंबलेलं पाणी दिसू देत नाहीत. पुढे कुत्र्याचं ताट होतं. त्यातला पाऊस कुत्रा प्याला होता. एकाकडे जिरेनियम लावलेलं शौचपात्र होतं, त्याच्या कडा गोल. मालक म्हणाला की तुला काय मोजायचंय ते मोज, पण ते कशाचं होतं हे गावात सांगू नकोस.

तरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि चाल आपोआप वाढली. जसजसं वर जावं तसतशी माती जास्त धुपलेली होती, आणि टिंकलरांच्या शेतावर वाटच उरली नव्हती. जेनेट टिंकलर दारात उभी होती. तिने खिडकीबाहेर गांधीलमाश्यांसाठी सरळ कडांची बरणी ठेवली होती, तळाला चमचाभर जॅम. ती काठोकाठ भरलेली होती.

"ही भरली आणि वरून वाहत होती," जेनेट म्हणाली. "माश्यासुद्धा पोहून गेल्या. तुमच्याकडे नाही का पडला?"

"आमच्याकडे चार थेंब."

"मग आमच्याच नशिबी होता म्हणायचा. पण मला कुणी विचारलंच नाही."

जेनेटकडे फोन नव्हता, ती महिन्यातून एकदा गावात उतरे, आणि पुलाखाली काय झालं हे तिला आत्ता कळत होतं. हिल्डाला तिला मिठी मारावीशी वाटली, पण बरणीने मन मोडलं. काठोकाठ भरून वाहिलेलं भांडं मापाच्या कामाचं नसतं. ते फक्त 'निदान एवढा' असं सांगतं, 'एवढा' असं सांगत नाही. सभेतले लोक म्हणाले असते, जॅमच्या बरणीने गाव बुडतं का? तिला उंच भांडं हवं होतं. ती अजून वर गेली.

व्हिनीच्या माळावर मेंढ्यांचा एक जुना दगडी कोंडवाडा आहे. तिथे मेंढ्या कुणी ठेवत नाही. पण त्याच्या भिंतीवरून हिल्डाला चॅपलचे पडदे दिसले, दोन वर्षांपूर्वी बदललेले, जांभळे. ती वाकून आत शिरली आणि थबकली. पडद्यांच्या आडोशाला वाफा होता आणि वाफ्यात लीक. दोन-चार आडव्या झाल्या होत्या, बाकीच्या माणसाच्या पोटरीएवढ्या जाड आणि ठणठणीत. गावात कुणी अशा पाहिल्या नव्हत्या. आणि भिंतीला लागून कपडे बडवायचं जुनं पत्र्याचं पिंप उभं होतं. धुण्याची यंत्रं आली तेव्हा गावाने अशी पिंपं टाकून दिली. कडा सरळ, उंची मांडीपर्यंत, आत पाणी, आणि ते काठाच्या बरंच खाली.

हिल्डाने पट्टी बुडवली. साडेसहा इंच.

तिने पुन्हा बुडवली, कारण स्वतःवरही तिचा पटकन विश्वास बसत नसे. साडेसहाच. एवढा पाऊस तिच्या बाटलीत कित्येक महिन्यांतही पडला नव्हता. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि पुढच्याच श्वासाला आनंद निवला. पिंप आधी रिकामं होतं, हे कोण सांगणार?

ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो कोण हे तिला लीकनीच सांगितलं. पानं वाऱ्याने फाटू नयेत म्हणून मऊ धाग्याने सैल बांधलेली होती. धागा लिंबाच्या रंगाचा, बाळांच्या टोपड्यांसाठी येतो तो. त्या रंगाचा एकच गुंडा तिच्या दुकानात आला होता आणि मे महिन्यात कडी हेडलीने तो नेला होता, कार्लाइलच्या भाचीला दिवस गेलेत म्हणून. हिल्डाने मनापासून अभिनंदनही केलं होतं.

आता कडीचं काय चाललंय ते उघड होतं. लीक क्लबचा नियम कडक आहे. नोंदवलेल्या वाफ्यातच लीक वाढवायची, आणि प्रदर्शनाआधी पंचांनी जागेवर येऊन तिच्यावर शिक्का मारायचा. बाहेरची लीक आणणाऱ्याचं नाव कायमचं कापतात. पण शिक्का असतो अध्यक्षाच्या खिशात. ओल्या जमिनीवर त्याच्या बुटांचे ताजे ठसेही होते. म्हणजे बुधवारनंतर तो इथे येऊन गेला होता. पाऊस कुठे पडला हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने पायऱ्यांवर उभं राहून तिच्या बाटलीची शपथ घेतली होती.

हिल्डाला संताप आला. ती सहसा चिडत नसे, पण तिचा खरा आकडा कुणी खोट्याच्या कामाला जुंपावा, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं.

शनिवारी ती कडीच्या घरी गेली. कडीने तिला स्वयंपाकघरात बसवलं नाही, यावरून काय ते समजावं. ती म्हणाली की मला तुझ्या लीकशी देणंघेणं नाही, तुझ्या भाचीशीही नाही. मला एवढंच हवंय, ते पिंप मंगळवारी रात्री रिकामं होतं का?

"कुठलं पिंप?" कडी म्हणाला.

"कडी, त्याचं घर जाईल. एस्थर त्या घरात गेली."

"मला कुठलं पिंप माहीत नाही, हिल्डा." आणि तो तिच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत राहिला. हा माणूस एरवी क्लबात नाकाने कांदे सोलायचा; पोराने एक कोबी चोरला तर महिनाभर प्रवचन द्यायचा. घरी जाताना हिल्डाने ठरवलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर तो नाकारणार, आणि नाकारणाऱ्या माणसाचं पिंप आधीच भरलेलं होतं असंच सगळे धरणार. तिला त्याची फजिती नको होती. त्याच्या तोंडची एक खरी ओळ हवी होती.

क्लबात बायकांना शनिवारच्या गाण्यांना प्रवेश होता, सभेला नव्हता. म्हणून रविवारी हिल्डा उंबऱ्यावर उभी राहिली, पाय बाहेर, पट्टी आत. उंबऱ्यावरच्या बाईचं काय करायचं हे नियमात नव्हतं. टॉट मागच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या हातात किल्ल्या होत्या, मागितल्याशिवायच आणलेल्या.

ती सगळं क्रमाने बोलली. अरुंद ढग, धुपलेली वाट, जेनेटची बरणी. मग म्हणाली की माळावरच्या कोंडवाड्यात एक बडवणीचं पिंप आहे आणि त्यात साडेसहा इंच पाणी आहे. तिने लीकचं नाव काढलं नाही. पण कोंडवाड्यात पिंप म्हटल्यावर माना वळू लागल्या. लीकचा खुराक कालवायला पिंप लागतं, हे लीकवाल्यांना सांगावं लागत नाही.

"पण मला एक गोष्ट माहीत नाही," हिल्डा म्हणाली. "पिंप आधी रिकामं होतं का, ते. रिकामं असेल तर वर साडेसहा इंच पाऊस पडला आणि टॉटने झडप उघडायची गरजच नव्हती. भरलेलं असेल तर माझ्याकडे काही नाही. ज्याचं असेल त्याने सांगावं. कोणी सांगणार नसेल, तर मी ते रिकामं होतं असं धरते आणि साडेसहा इंच लिहून पाठवते."

कुणीतरी ग्लास खाली ठेवला. टॉट उठला आणि किल्ल्या ठेवायला मेजाकडे चालू लागला.

कडी हेडली मेजामागे बसला होता. त्याची मान लाल झाली होती. आयुष्यभर या माणसाने लीकचा घेर, दांडा, पांढरा भाग मोजला होता. कुणी पाव इंच जास्त सांगितला तर तो रात्रभर झोपत नसे. टॉटने किल्ल्या समोर ठेवल्या. कडीने त्यांच्याकडे पाहिलं, मग उंबऱ्यातल्या पट्टीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते कदाचित त्याच्याही मनात नव्हतं.

"साडेसहा नको लिहू," तो म्हणाला. "ते रिकामं नव्हतं. तळाला दोन बोटं बिअर होती, ब्राउन एल. साखर घातलेली."

सभागृहात असा श्वास ओढला गेला की खिडक्या आत याव्यात. बारा वर्षं हेझलबर्न जिचा शोध घेत होतं ती कडीच्या लीकची पाककृती हीच होती.

हिल्डाने मात्र पाककृती ऐकलीच नाही. "कुणाची दोन बोटं?" तिने विचारलं. "माझी की तुझी?"

"माझी."

"मग इकडे ये."

कडी उठला, सगळ्यांच्या मधून चालत उंबऱ्यापर्यंत आला, आणि त्याने आपली खाणीत जाडजूड झालेली दोन बोटं पट्टीवर आडवी ठेवली. दीड इंच भरली. हिल्डाने साडेसहातून दीड वजा केले.

"पाच इंच," ती म्हणाली. "एका दुपारात."

"पाच," कडी म्हणाला. त्याने खिशातून शिक्का काढला, मेजावर किल्ल्यांच्या शेजारी ठेवला, किल्ल्या उचलून टॉटच्या हातात दिल्या आणि टोपी घेऊन बाहेर गेला. त्याचं नाव त्याच संध्याकाळी कापलं गेलं. पण त्याला खोटारडा मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही, आणि हे मला अजूनही बरोबर वाटतं.

टॉट आणि हिल्डा ओढ्याच्या काठाने झडपघराकडे चालत गेले. फाटकाशी हिल्डा थांबली.

"मी गुरुवारी 'हो, विश्वास आहे' म्हणाले असते, तर तुला त्याचा काही उपयोग नव्हता, टॉट. सभेत विश्वास चालत नाही."

"सभेत नाही चालत," टॉट म्हणाला. "मला चालला असता."

त्याने किल्ली लावून दार उघडलं. आत एस्थरचा झगा अजून खुंटीला होता, आणि तो तिथेच राहणार होता. हिल्डा उंबऱ्यावरच उभी राहिली.

"मला वाईट वाटतंय, टॉट."

टॉटने मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते फार लांबही नव्हतं.

"किती?"

"काठोकाठ भरून वाहून गेलंय," हिल्डा म्हणाली. "नेमकं सांगता येणार नाही."

"मग 'निदान एवढं' तरी सांग."

तिने मोजायला हात वर केला आणि तो तिला कुठे थांबवावा ते कळेना. टॉटने तो हात धरून तिला आत घेतलं आणि किटली चुलीवर ठेवली.